दिव्यावरचा थर

संग्रहालयातल्या सणाच्या दिवशी सकाळी निगाताईने घाईघाईत दूध करपवलं, पातेलं तसंच सिंकमध्ये टाकलं आणि सासूबाईंना घेऊन ती विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे पळाली. निगाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची निगा राखणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. घरी तिच्या निगेबद्दल सासूबाईंचं मत जरा वेगळं होतं.

विद्यापीठात नाना देशांची कुटुंबं राहतात, तेव्हा सुट्टीत सगळ्यांनी मिळून एकच सण करायचा, असं संचालकांच्या डोक्यात आलं होतं. सण कुणाचाही असो, दिवा असतोच. म्हणून प्रत्येकाने घरून दिवा आणायचा. आता संग्रहालयात आगीला बंदी, त्यामुळे दिवे आणायचे पण पेटवायचे नाहीत. मग पोरांनी करायचं काय? तर लिंबू-मीठ लावून दिवे घासायचे. ते टेबल सांभाळणारी विद्यार्थिनी ऐन वेळी आजारी पडली आणि तिच्या जागी सासूबाईंची वर्णी लागली. तासाभरात त्यांचा जम बसला. कंदील घेऊन आलेल्या एका परदेशी आजींची भाषा त्यांना कळत नव्हती आणि त्यांची त्या आजींना. तरी दोघींचं "किती मळलाय बघा" यावर एकमत झालेलं लांबूनही दिसत होतं.

निगाताईचं लक्ष मात्र एकाच दिव्यावर होतं. एका वृद्ध बाईंनी मागच्या वर्षी आपल्या घराण्यातला पितळी दिवा संग्रहालयाला दिला होता. तसेच पाच अजून त्यांच्या घरी होते. आज त्या येणार होत्या. "ते पाच आले तर तुमची नोकरी कायम," संचालकांनी सांगितलं होतं, "नाही आले तर पुढच्या महिन्यापासून मला काही करता येणार नाही." वर्षभर निगाताईने त्या दिव्याला हातमोज्यांशिवाय बोट लावलं नव्हतं. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा काळा थर होता आणि तो थर म्हणजे तिच्या मते त्या दिव्याचं अर्धं आयुष्य होतं.

मधल्या मोठ्या टेबलावर मांडायला तिने तो कपाटातून काढला आणि निघाली, तोच संचालकांनी हाक मारली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. तिने दिवा वाटेतल्या टेबलाच्या कडेला ठेवला आणि गेली.

परत आली तेव्हा सासूबाई हात पुसत होत्या. समोर दिवा असा लखलखत होता, की त्यात निगाताईला स्वतःचा उतरलेला चेहरा दिसला.

"कुणाचा होता कोण जाणे," सासूबाई म्हणाल्या. "बिचारा एकटाच काळा राहिला होता. तीन लिंबं गेली माझी."

"आई, हा संग्रहालयाचा दिवा आहे."

"मग संग्रहालयाला लाज नको वाटायला?"

निगाताईला रडू यायचंच बाकी होतं. तिने दिवा उचलला आणि पाठीमागच्या खोलीत पहारेकरीकाकांना गाठलं. काकांनी दिवा पाहिला, निगाताईकडे पाहिलं आणि खणातून काळ्या बूट पॉलिशची डबी काढली. समारंभ म्हणून त्यांनी ती कालच आणली होती.

"याने होईल?" तिने विचारलं.

"बूट होतात," काका म्हणाले.

वर्षभर हातमोजे घालणाऱ्या निगाताईने रुमालाने खसाखसा पॉलिश चोळलं. थर कुठे जाड, कुठे पातळ, हे तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे काम हुबेहूब झालं. दिवा मधल्या टेबलावर ठेवून ती मागे सरते न सरते, तोच संचालक त्या बाईंना घेऊन आले.

बाईंनी दिवा बराच वेळ पाहिला. मग वाकून त्याचा वास घेतला. "याला बुटांचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"जुन्या धातूला येतो कधीकधी," संचालक म्हणाले. निगाताईने मान खाली घातली.

"मी खरं सांगू? मी हा परत न्यायला आलेय. मागच्या खेपेला आले तेव्हा हा तसाच काळा दिसला. माझी आई दर सणाला दिवे घासून लख्ख करायची. तिच्या पाठीमागे माझ्याच्याने झालं नाही, म्हणून तुम्हाला दिला. वाटलं, तुम्ही तरी बघाल. तुम्हीही हा काळाच ठेवलात, मग ते पाच कशाला देऊ?"

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. निगाताईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि नेमक्या तेव्हा लिंबाच्या हातांनी सासूबाई तिथे पोचल्या.

"काळा कुठला? मी सकाळीच घासलाय हा," असं म्हणत त्यांनी दिव्यावर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला आणि खालचं पितळ चमकलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "अगं, हे काय केलंस?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी पॉलिश लावलं," निगाताई म्हणाली. "तो थर गेला म्हणून. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

बाई चमकणाऱ्या पितळेकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आवरेना. "लिंबू आहे का अजून?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

दोघींनी बसून दिवा पुन्हा घासला. पाचही दिवे द्यायचं कबूल करून बाई घरी गेल्या. अट एकच, दर सणाला ते घासायला सासूबाई हव्यात. संचालकांनी निगाताईला नोकरी कायम झाल्याचं सांगितलं आणि सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

सासूबाई दुपारीच घरी परतल्या होत्या. संध्याकाळी निगाताई खुशीत घरी आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली. सकाळचं करपलेलं पातेलं तेवढं सिंकमध्ये जसंच्या तसं.

"हे राहिलं वाटतं, आई?"

"राहिलं नाही, ठेवलंय," सासूबाई लसूण सोलत म्हणाल्या. "थर आहे. तुला विचारल्याशिवाय कसा काढू?"

निगाताईने बाह्या सरसावल्या आणि घासणी हातात घेतली. लिंबू एकही शिल्लक नव्हतं.