मातीला लावलेलं मलम

आकाराम वस्तादांच्या तालमीची एक रीत होती. कुस्तीला उतरण्याआधी उजवी मांडी तीनदा खसाखसा चोळायची, मगच शड्डू ठोकायचा. वस्ताद तसं करत, म्हणून तीस वर्षं त्यांचे शिष्यही करत. तालमीत वस्तादांना कारण विचारत नाहीत.

तालमीचा उमदा पैलवान विजयसिंह. गेल्या वर्षी गारगोटीच्या मैदानात अंग तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या कमरेवरचा नायटा पाहून त्याला परत धाडलं, आणि समोरचा गडी न लढताच फेटा बांधून मिरवला. यंदाचं मैदान तीन महिन्यांवर आलं, तरी नायटा होता तिथंच. वस्तादांचं म्हणणं एकच, आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर असतो, तिच्यापुढं नायटा टिकतोय कसला. नायटा वर्षभर टिकला होता.

शेवटी विजयसिंह चोरून डॉक्टर संयोगिताबाईंकडं गेला. बाईंनी गोळ्या आणि मलम दिलं, टॉवेल-लंगोट वेगळे ठेवून उन्हात वाळवायला सांगितले आणि चट्टा दिसेनासा झाला तरी औषध मध्येच सोडायचं नाही, असं बजावलं. चार दिवसांत खाज थांबली. पंधरवड्यात चट्टा शोधायला चष्मा लागावा, इतका मावळला. वस्तादांना चोरी कळली, पण रागवायचं विसरून ते त्याच्या कमरेकडं बघतच राहिले. मातीला जे जमलं नव्हतं ते बोटाएवढ्या ट्यूबनं केलं होतं. वस्ताद दिलदार माणूस. समोरचा चांगला लढला, तर त्याचीही पाठ थोपटायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीस ट्यूबा आणल्या, आखाडा खणला आणि सगळं मलम मातीत पिळून कालवलं.

"एकेकानं कुठं लावत बसायचं? आता ज्यो मातीत लोळंल, त्यो बरा हुईल."

वस्तादांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? विजयसिंहानंही आपलं औषध बंद केलं. तीन आठवड्यांत त्याचा चट्टा पुन्हा उगवला, आणि आणखी सहा पोरं खाजवू लागली. आता मात्र संयोगिताबाईंना तालमीतच बोलावणं गेलं. मातीची हकीकत ऐकून त्या आधी पोटभर हसल्या.

"वस्ताद, औषध गुणाचंच आहे, पण ते माणसाला लावायचं, मातीला नाही."

मग त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून तपासलं आणि शेवटी वस्तादांनाही धोतर वर घ्यायला लावलं. उजव्या मांडीवर भाकरीएवढा नायटा निघाला. कधीपासून आहे, असं विचारलं तर वस्ताद म्हणाले, "जुनाच हाय की." रोज सकाळी ते प्रत्येक पोराला धरून डाव शिकवत, त्यासोबत हा नायटाही वाटला जात होता.

त्या दिवसापासून वस्ताद गोळी घेतल्याशिवाय चहाला शिवेनात. पोरांचीही एक गोळी त्यांनी चुकू दिली नाही. मैदानाच्या दिवशी विजयसिंहाची कातडी कोऱ्या कापडासारखी होती. अंग तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला पुढं सोडलं. आखाड्यात उतरून त्यानं सवयीनं मांडी खसाखसा चोळली, तसे डॉक्टर धावत आले.

"थांबा. खाज येतीय काय?"

"न्हाय साहेब, आमच्या तालमीची रीत हाय ही." विजयसिंहानं अभिमानानं वस्तादांकडं पाहिलं.

वस्तादांचा हात मांडीवर नुसता पडून होता.

"विज्या, लढ तू," ते खाली बघत म्हणाले. "ती रीत न्हवती. मला खाज सुटायची."

मैदानाभोवती बसलेल्या जुन्या शिष्यांनी मांडीवरचे हात हळूच काढून घेतले.