चार नंबरच्या खिडकीचं चित्र

यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ! मोतीबिंदूचा डोळासुद्धा धरून सांगतेय. खोटं निघालं तर उरलेले चार दातही काढून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा घड्याळजी. हात थरथरायला लागला तसं दुकान बंद केलं आणि चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. थरथरत्या हाताने घड्याळ बिघडतं, चित्राला मात्र म्हणे जिवंतपणा येतो! वर्गातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, दिसतं तेवढंच काढायचं. मनाचं काही नाही." झालं! हा माणूस स्वयंपाकघरात वही घेऊन बसायचा आणि बहिणीला म्हणायचा, "अगं, झारा तसाच धर." तोवर कढईत कोळसा.

तर बहिणीला शिवणवर्ग काढायचा होता. अकरा बायकांची नावं आली, मशिनं आली, उद्या सकाळी वर्ग सुरू. राहिला होता फक्त परवाना. तो चार नंबरच्या खिडकीवर मिळायचा आणि मुदत त्याच दिवशी दोन वाजता संपत होती. ती सकाळपासून रांगेत. घड्याळजी सोबतीला म्हणून गेले आणि समोरच्या बाकावर वही उघडून बसले.

चित्र झकास जमत होतं. गंजकी कपाटं, छताला टेकलेल्या फायली, एक पातं वाकलेला पंखा, लोकांच्या लांबलेल्या माना. आणि मधोमध चार नंबरचा कारकून. हनुवटी तळहातावर, नजर शून्यात. दीड तास पापणी हलली नाही! बाकी सगळे चुळबुळत होते, पण चित्रकाराला हा माणूस म्हणजे पर्वणीच. उजवा हात तेवढा काढायचा राहिला होता.

माप घ्यायला घड्याळजींनी एक डोळा मिटला आणि पेन्सिल ताठ धरून कारकुनावर रोखली. दुकानातली जुनीच सवय, डोळा मिटला की चेहरा असा करडा व्हायचा की गिऱ्हाईक आपणहून चूक कबूल करायचं. कारकुनाने ते पाहिलं मात्र, ताडकन सरळ बसला. त्याला वाटलं, वरच्या हापिसातून तपासनीस आला! मग काय, शिक्का धडाधड पडायला लागला. रांग सरकायला लागली. पाच मिनिटांत बहीण खिडकीशी पोचली.

कारकुनाने तिच्या कागदावर शिक्का उगारला, तोच बाकावरून आरोळी आली, "अहो, हलू नका!"

कारकून जागच्या जागी गोठला. शिक्का हवेत.

"अजून दोन मिनिटं," घड्याळजी म्हणाले, "मनगट तेवढं राहिलंय."

बहिणीच्या मागे एक निवृत्त पोस्टमन उभा होता. तो खवळला. "ओ काका! वर्षानुवर्षं हा हलत नाही म्हणून आम्ही बोंबलतोय. आज हलला, तर तुम्ही थांबवता?"

"मारा हो शिक्का!" बहीण म्हणाली.

"कसा मारू? साहेबांनी हलू नका सांगितलंय," कारकून ओठ न हलवता पुटपुटला.

"कसले डोंबलाचे साहेब! नवरा आहे तो माझा!"

हे बोलली आणि चुकली. कारकुनाने सुस्कारा सोडला, शिक्का खाली ठेवला. "असं होय? मग उद्या या."

"उद्या मुदत नाही हो!"

"मग अर्ज नव्याने करा. बरं, मला काढलंय का? बघू." घड्याळजी खिडकीशी आले, तशी त्याने वही ओढून घेतली. "हे काय? डोकं आहे की पालथं पातेलं? मला केस आहेत."

"काढलेत ना. कानाजवळ सात," घड्याळजी म्हणाले. "मोजून."

"वर काढा. केस आले की शिक्का आलाच."

"मला दिसत नाहीत, कसे काढू?"

दोनला चार मिनिटं कमी. बहीण दातओठ खात म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी तुमच्या आईला प्रेमळ म्हणत आले, ते काय दिसत होतं म्हणून? काढा केस! आणि भांगही पाडा!"

घड्याळजींनी डोळे गच्च मिटून केस काढले. दाट, कुरळे. शिक्का पडला. पोस्टमनने, कोण जाणे का, टाळ्या वाजवल्या.

रविवारी वर्गात बाईंनी ते चित्र सगळ्यांना दाखवलं. "केस बघा! याला म्हणतात निरीक्षण, एकेक बट पाहून काढलीय." मग त्यांचं बोट खाली सरकलं. "पण काका, हा शिक्का उगारलेला हात? सरकारी खिडकीत? हे मात्र तुम्ही मनाचं काढलंत."



आता शपथ घेतलीच आहे, तर एवढं सांगून टाकते. मला धाकटी बहीण नाही. शिवणवर्ग बरा चाललाय, आणि सासूबाई खरंच प्रेमळ होत्या, हे ह्यांच्यासमोर विचारलंत तर.