धाकोजी लोणचेवाला आणि दोन राज्यांचा रुसवा यांची हकीकत

श्री. नदीचे ऐन मध्यावर खडकावरी बैसोन दोन्ही तीरांचे नारळ जी सारख्याच संतोषे घेते, त्या जलदेवतेस नमन करून लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, चैत्रमासी ऐल राज्य आणि पैल राज्य या दोहों स्नेह्यांमध्ये बिघाड पडिला, त्याचे हे वर्तमान. सरकारची आम्हांस आज्ञा की, मैत्रीचे वर्णन विस्तारे करावे आणि बिघाडाचे दोन शब्दांत उरकावे. आता आमचे वय जाहले, दोन्ही गोष्टी विस्तारे लिहिण्याचे हातात बळ नाही, सबब मैत्रीचेच दोन शब्दांत उरकितो. उभय राज्ये पूर्वी एका शत्रूशी लढली आणि एका पंक्तीस जेवली आणि मुली दिल्या-घेतल्या. जाहले. आता बिघाड.

ऐल राज्याचे महाराज यांचे चित्तात आले की, उत्तरेचे डोंगरी राज्यावर मोहीम करावी. मग पैल राज्यास निरोप गेला की, फौजेसह यावे. पैल राज्याचे महाराजांनी उलट विचारिले की, डोंगरच्यांनी अपराध काय केला, तेवढे कळवावे, म्हणजे येतो. बस्स! इतुकेच विचारिले. परंतु आमचे दरबारी नाकास मिरच्या झोंबल्या, आणि दिवाणसाहेब ताडकन उठोन बोलिले, "मित्र म्हणवितात आणि प्रश्न विचारितात!" मग सर्व दरबार बोलिला, "प्रश्न विचारितात!" आणि त्या दिवसापासून नदीपलीकडील सर्व मनुष्ये एकाएकी कृतघ्न, चिकट, भेकड आणि आळशी जाहली. आदले दिवशी नव्हती, हे ध्यानी असावे.

या समयी ऐल राज्याचे पेठेत धाकोजी नामे पैलकर लोणच्याचे दुकान करून होता. मिसरूड फुटले नव्हते तेव्हा नदी उतरोन आला, इथेच राहिला, इथलीच गोजराबाई बायको केली, आणि मूलबाळ नाही, तरी उभयता सुखी होती. त्याचे कैरीचे लोणच्यास अवघे गाव 'पैलतीरी लोणचे' म्हणे. वास्तविक कैरी सरकारी आमराईची, तेल आमचे घाण्याचे, मीठ आमचे, मोहरी आमची, आणि मसाला कुटीत असे गोजराबाई, तीही आमचीच. पैलतीरचा म्हणावा ऐसा त्यात एक धाकोजी. परंतु नाव पडले ते पडले.

शेजारी हरबाजी तांबट, भांडी घडविणारा. दोघांची मैत्री ऐसी की, सायंकाळी काम आटोपून हरबाजी धाकोजीचे पायरीवर येऊन बसे आणि थट्टा आरंभीत असे. "काय रे धाकोबा, तुम्ही पैलकर पाहुण्याला पाणी देता ते म्हणे तांब्यावर बोटानं खूण करून देता, कुठपर्यंत प्याला ते बघायला?" मग धाकोजी म्हणे, "होय तर! अन् तुम्ही ऐलकर पाहुण्याला बोलून बोलूनच इतकं दमवता, की बिचारा पाणी मागायचंच विसरतो." मग दोघेही पोट धरून हसत, आणि गोजराबाई आतून ओरडे, "मेल्यांनो, माझी मोहरी करपली तुमच्या हसण्यापायी!" बहुतेक थट्टा धाकोजीनेच हरबाजीस शिकविल्या होत्या. आपले मुलखाची थट्टा आपणांस जैसी येते तैसी परक्यास कोठून येणार? हरबाजी त्या ऐकून ठेवी, आणि वर आपले चार शब्द लावी, आणि धाकोजी सर्वांहून मोठ्याने हसे.

बिघाड जाहलियावरी दिवाणसाहेबांनी 'स्वाभिमान मंडळी' म्हणोन एक सभा उभारिली आणि दवंडी दिली की, पैलतीरचे जिन्नस कोणी विकत घेऊ नयेत, आणि पैलकरांचे स्वभाव लोकांस समजावून सांगेल त्याचा सन्मान होईल. मग कोणी चहाडखोराने सांगितले की, हरबाजी तांबटास पैलकरांचे स्वभाव तोंडपाठ आहेत. त्यास दरबारी नेले. बिचारा आधी घाबरला, मग एक थट्टा बोलिला, दिवाणसाहेब हसले, मग दुसरी बोलिला, अवघा दरबार हसला, आणि मग हरबाजीस थांबवेना. जन्मभर ठोक्याला ठोका देणारे मनुष्य, त्यास एवढे हसणे एकदम कोठून मिळावे! तांब्यावरची खूण सांगितली, उशिरा उठण्याची सांगितली, युद्धात आधी चपला शोधण्याची सांगितली. त्यास जरीची पगडी जाहली, आणि त्या थट्टा चौकाचौकांत दवंडीवाल्याने वाचून दाखविल्या. शब्द तेच. मात्र दवंडीवाला हसत नव्हता, आणि ऐकणारेही हसत नव्हते, मान डोलवीत होते. धाकोजी चौकात उभा राहोन आपल्याच गोष्टी ऐकता जाहला आणि घरी येऊन गोजराबाईस बोलिला, "अगं, हे खरं धरायला लागले की!"

पुढे ज्येष्ठमासी मंडळी दुकानी आली आणि मांडिलेल्या लोणच्याच्या बरण्या चौकात नेऊन ओतिल्या, माळ्यावरच्या तेवढ्या वाचल्या. कैऱ्या कोणाचे आमराईच्या, हे आमराईचे कारभाऱ्यास ठाऊक होते, परंतु त्यानेही ओतण्यास हात लाविला. ज्यांचे घरी जुने लोणचे होते त्यांनी बरण्या परसात पुरल्या, आणि जेवते वेळी दार लावून उकरून काढिल्या. आता लोणच्याचा वास काय दाराने राहतो? अवघे आळीस वास येई, आणि अवघी आळी एकमेकांस विचारी, "कसला हो वास?" आणि अवघी आळी म्हणे, "कोण जाणे बाई." काही शहाण्यांनी बरणीवर 'अभिमानी लोणचे' ऐसे लिहिले आणि उजळ माथ्याने खाल्ले. दुकानी मात्र कोणी येईना. हरबाजीही पायरीवर येईना. डोईवर सरकारची पगडी, ती घेऊन पैलकराचे पायरीवर कैसे बसावे? तो आपले दाराशी उगाच ठोकीत बसे, आणि धाकोजी इकडे उगाच फडके मारीत बसे, आणि मध्ये एक भिंत.

मग आषाढमासी गोजराबाईस ताप भरला आणि ती गेली.

आता आमचे गावची रीत सांगणे प्राप्त. ज्या घरी मृत्यू होतो त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी पिठलेभात करून नेतात, समोर बसोन दुःखितास चार घास खावयास लावितात, आणि मगच त्या घरी पुन्हा जाळ होतो. वैरी असला तरी नेतात. ही रीत कोणी लिहिली नाही, कारण कोणी मोडिली नाही. परंतु या प्रसंगी लोकांस प्रश्न पडिला की, पैलकराशी व्यवहार बंद, तर त्यास भात द्यावा की न द्यावा? मग मंडळीकडे विचारिले. दिवाणसाहेबांनी अंमळ विचार करून निवाडा दिला की, मयत बाई आपली, सबब खांदा अवश्य द्यावा. भात मात्र धाकोजीचे मुखी जाणार, आणि मुख पैलकर, सबब भात देऊ नये. धन्य तो निवाडा! आम्ही पुष्कळ दरबार पाहिले, परंतु बायकोचा नवऱ्यापासोन ऐसा हिशेब वेगळा केलेला पाहिला नव्हता.

तेव्हा खांद्यास अवघी पेठ लोटली. हरबाजीनेही खांदा दिला आणि रडला, खोटे कशास लिहावे, पुष्कळ रडला. मग सर्वांनी स्नाने केली आणि आपापली दारे लावून घेतली. धाकोजी मात्र दार सताड उघडून उंबऱ्यापाशी बैसला. त्याचा भरवसा होता. मंडळी काही बोलोत, दिवाण काही बोलोत, भात येणार. आपण या गावचे की नव्हे, एवढे एक त्यास त्या दिवशी कळावयाचे होते, आणि ते त्या दारातूनच यावयाचे होते.

भात शिजला नव्हता ऐसे नाही. हरबाजीची बायको चिमाबाई पिठलेभाताचे भांडे पदराखाली घेऊन निघाली, तो हरबाजी आडवा जाहला. "थांब जरा. कोणी आधी जाऊ दे."

"कोण जाणार आधी? शेजारी आपण."

"निवाडा ऐकलास ना? माझ्या डोईवर पगडी आहे सरकारची."

"जळो ती पगडी! तिकडं माणूस उपाशी बसलंय. गोजरा माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी होती, विसरलात?"

"विसरलो नाही गं. पण एकटा मीच पुढं होऊ? दुसरं कोणी गेलं की लगेच जाऊ आपण. नक्की जाऊ."

चिमाबाई भांडे घेऊन दाराआड उभी राहिली. आणि पुढे आम्हांस कळले की, त्या दिवशी आळीत घरोघर पिठले शिजले होते, घरोघर बायका भांडे घेऊन दाराआड उभ्या होत्या, आणि प्रत्येक घरी पुरुष म्हणत होता की, कोणी आधी जाऊ दे. दिवेलागण जाहली. पिठले निवाले, वर साय धरली. कोणी गेले नाही.

दुसरे दिवशी सकाळी लोकांनी पाहिले तो धाकोजीचे कौलांतून धूर निघत होता. त्याने आपले हाते आपली चूल पेटविली. लोणच्यात मीठ डोळे झाकून टाकणारा मनुष्य, परंतु भातास पाणी किती हे त्यास ठाऊक नव्हते, ते गोजराबाईस ठाऊक. भात गिच्च जाहला, तोच त्याने खाल्ला. आळीतली मनुष्ये धुराकडे पाहत आणि खाली पाहत.

मग धाकोजी नदीत अस्थी सोडून पैलतीरी आपले भावाचे गावी गेला, मनी म्हणे, इकडचा नसेन तर तिकडचा असेन. तिकडे पेठेत पान घ्यावयास उभा राहिला आणि दोन शब्द बोलिला, तो पानवाला म्हणाला, "काका, बोलण्यावरून ऐलकर दिसता. तुम्हां लोकांना बडबड फार अन् उपकारांची जाण नाही. पान नाही मिळायचं." धाकोजीने सांगितले की, मी इथलाच. तो पानवाला हसला, म्हणे, "हेही ऐलकरच बोलतात." भावाने चार दिवस ठेविले, परंतु मुलांस सांगितले की, बाहेर बोलू नका कोण आला ते. मग धाकोजी उठला आणि माघारी आला, कारण दुकान तरी इकडे होते. नावेत मध्यावर देवतेस नारळ वाहिला तेव्हा नावाड्याने विचारिले, "कुठले तुम्ही?" तेव्हा धाकोजीने मध्यावरचे खडकाकडे बोट केले.

इकडे मोहिमेचे काय जाहले ते लिहावे. ऐल राज्याची फौज एकटीच डोंगरी गेली, पावसाने झोडपली, जळवांनी धरिली, आणि डोंगरचे लोक गुरे घेऊन वरचे अंगास निघून गेले होते, ते सापडलेच नाहीत. फौज माघारी आली आणि विजय जाहला. मग कार्तिकमासी महाराजांस पैल राज्याची आठवण येऊ लागली. मग नदीचे मध्यावर दोन नावा जोडिल्या, उभय महाराज गळामिठी भेटले, डोळ्यांस पाणी आले, आणि दवंडी जाहली की, पैलकर हे आपले सदैव परममित्र असोन मध्यंतरी काही घडले नाही. त्यांचे लोणचे अवश्य खावे. मग पेठ पुन्हा धाकोजीचे दुकानी लोटली आणि जो तो म्हणे, "आम्ही मनातून कधी काही मानलं नव्हतं हो." धाकोजीने सर्वांस तोलून लोणचे दिले, कोणास कमी दिले नाही, कोणास वावगे बोलिला नाही.

तेव्हा हरबाजी आला. पगडी घरी ठेवून बोडक्या डोईने आला. चिमाबाईने त्याच्या हाती त्यानेच घडविलेले तांब्याचे भांडे दिले होते, आत ऊन ऊन पिठलेभात. दारात उभा राहोन बोलिला, "धाकोबा, उशीर झाला रे. फार उशीर झाला. पण हे घे. माझ्यासमोर चार घास खा."

धाकोजी उठला आणि बोलिला, "यावे, हरबाजीबावा. बसावे."

उभ्या जन्मात त्याने हरबाजीस 'अरे हरबा' खेरीज हाक मारिली नव्हती. हरबाजीने ते ऐकिले आणि बैसला. धाकोजीने पाट मांडिला, ताट घेतले, आणि सर्व भात खाल्ला, शीत ठेविले नाही, आणि म्हणाला, "वहिनींना सांगा, पिठलं उत्तम झालंय." हरबाजीचे जीवात जीव आला. मग धाकोजी भांडे घेऊन आत गेला, चिंचेने घासले, धुतले, लख्ख केले, आणि आणून हरबाजीचे हाती दिले. "आपण आलात, उपकार झाले."

हरबाजी भांडे घेऊन घरी गेला. आमचे गावी शेजारचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. गरिबातला गरीब असला तरी चिमूट साखर, नाही तर कढीलिंबाची एक डहाळी तरी घालितो. चिमाबाईने झाकण काढिले आणि विचारिले, "काय दिलं?"

"धुऊन दिलं," हरबाजी बोलिला.

"बरण्यांनी भरलंय हो घर त्याचं," चिमाबाई म्हणाली, आणि रिकाम्या भांड्यावर पुन्हा झाकण ठेविले.

येणेप्रमाणे उभय राज्यांचा स्नेह पूर्ववत जाहला. या बिघाडात मनुष्यहानी जाहली नाही ऐसे सरकारी दप्तरी लिहिले आहे, तेच इथे उतरविले. धाकोजी अद्याप आहे, लोणचे पूर्वीहून चांगले घालितो, आणि गावात त्याचे कोणाशी वैर नाही, ऐसे ज्यास विचारावे तो सांगतो. मग कोणाशी काय आहे, हे मात्र कोणास सांगता येत नाही. इतके लिहून लेखणी पुसली.