राईची लाडूतुला

मुलांनो, माझ्या बहिणीचं वजन किती होतं?

हा प्रश्न मी हत्तीला विचारला. म्हशीला विचारला. माकडाला विचारला. प्रधानाला तर शेपटी धरून विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. तुम्हालाही येणार नाही. नीट बसा, गोष्ट सांगतो.

एका जंगलात फार प्रेमळ प्राणी राहायचे. इतके प्रेमळ, की आजारी पडायची भीती वाटायची. त्या जंगलाच्या कडेला, बाभळीखालच्या खड्ड्यात आम्ही राहायचो. आम्ही म्हणजे आमची आई ढवळी, माझी बहीण राई आणि मी. आम्ही कुत्रे. मी आदल्या विणीतला, म्हणून थोरला. माझ्या पाठीवर काळा डाग आहे, म्हणून मला ठिगळ्या म्हणतात.

शाळेत मीही गेलो होतो. पहिल्याच दिवशी गुरुजींची चप्पल चावली, दुसऱ्या दिवशी माझं नाव काढलं. त्यामुळे गोष्टीत अवघड काही येणार नाही. घाबरू नका.

राई एवढीशी होती. एवढीशी म्हणजे केवढी? आई झोपली आणि राई दिसेना, की आधी आईच्या पंजाखाली बघायचं. तिथे नसली तर माझ्या कानाखाली. माझ्या कानाखाली डोकं घालून ती झोपायची आणि झोपेत भुंकायची. तिचं भुंकणं म्हणजे शिंक. तिला वाटायचं, सगळं जंगल चळाचळा कापतंय.

राईला पिसवा झाल्या. पिसवा आम्हा सगळ्यांनाच होत्या, पण मी दांडगा. मी खाजवलं की पिसू उडते. राईने खाजवलं की राईच उडायची. एक पाय उचलायची, कानापर्यंत न्यायची आणि धपकन् पडायची. उठायची, परत पाय उचलायची, परत धपकन्. मी हसून हसून लोळायचो. तीही हसायची. हसताना परत पडायची.

मग तिचं पोट फुगलं. जेवण नाही, पण पोट मात्र सावकाराचं. शीमध्ये पांढरे दोरे दिसले. ईऽ म्हणू नका. तुमच्याही पोटात असतात कधीकधी.

आईने डॉक्टर टिटवीला बोलावलं. डॉक्टर टिटवी म्हणजे दोन काड्यांवर उभी केलेली घाई. आली, राईच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं आणि म्हणाली, "पिसवा आहेत, जंतही आहेत. दोन्ही जातील. वजन किती?"

"कुणाचं?" आई म्हणाली.

"पिल्लाचं. वजनाशिवाय जंताच्या औषधाचा थेंबसुद्धा देणार नाही. एवढ्याशा जिवाला थेंब कमी पडला तर उद्या आणखी देता येतो. जास्त झाला तर परत काढता येत नाही."

"आणि पिसवांना?" मी विचारलं.

"बारीक दातांची फणी. कोमट पाण्याने अंग धुवायचं, लगेच पुसायचं, उबेला ठेवायचं. आईलाही फणी फिरवा, नाहीतर तिच्या अंगावरून परत येतील. अंथरूण धुऊन उन्हात टाका. मोठ्यांची औषधं हिला लावू नका. हिच्या वयाला चालणारं औषध वजन पाहून मी देते."

एवढं बोलून तिने फणी ठेवली आणि उडाली. पलीकडे सशाच्या घरी कुणीतरी जन्माला येत होतं.

आई फणीकडे बघत राहिली. "ठिगळ्या, औषध कुठंय रे?"

"नाही दिलं."

"मग डॉक्टर कशाला आली होती?"

मुलांनो, इथे तुम्हाला आमच्या जंगलाची रीत सांगायला हवी. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. प्रत्येकजण औषध आणतो. आणलेलं औषध त्याच्या डोळ्यांदेखत द्यायचं, त्याच्याच हातून. नाही दिलं तर अपमान. आणि जेवढा पाहुणा मोठा, तेवढा घोट मोठा. हत्तीने आणलेलं औषध थेंबाने दिलं तर हत्तीची काय इज्जत राहिली?

आणि आमची आई अशी, की आलेल्या कुणालाही तिच्या तोंडातून 'नको' निघत नाही. चोरावरसुद्धा ती 'या' म्हटल्यासारखी भुंकते.

मी म्हटलं, "आई, मी तराजू आणतो. तोवर कुणी आलं तर भुंक."

राई म्हणाली, "दादा, तराजूपाशी लाडू आहेत म्हणे."

"आहेत."

"मला?"

"आणतो."

आमच्या जंगलात तराजू एकच. तो राजवाड्यासमोर टांगलेला. भाजी त्यावर तोलत नाहीत, धान्य तोलत नाहीत. त्यावर फक्त महाराज बसतात. दर वाढदिवसाला महाराजांची लाडूतुला होते. एका पारड्यात सिंह, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. लाडू नारळाएवढे. महाराजांचं वजन वाढलं की प्रजा टाळ्या वाजवते. जंगलाची प्रगती आम्ही अशीच मोजतो.

नेमका त्या दिवशी वाढदिवस होता. तराजूला झेंडूचे हार. मागे मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर महाराज गोगलगाईकडे पाहून हसत होते. कोल्हेप्रधान माइक तपासत होते. "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. महाराजांचा विजय असो. हॅलो."

"प्रधानजी, तराजू द्या की जरा."

"कुणाला तोलायचंय?"

"बहिणीला."

"कोण लागते ती महाराजांची?"

"कोणी नाही. माझी बहीण लागते. महाराज संध्याकाळी बसणार ना? ती आत्ता बसेल आणि उतरेल. हार हलणारसुद्धा नाहीत."

"तिला काय झालंय?"

मी खरं बोललो. शाळा नीट झाली असती तर खोटं बोललो असतो. "पिसवा आणि जंत."

प्रधानांचा माइक हातातून सुटला. "महाराजांच्या पारड्यात पिसवा? तिला अर्ज करायला सांग. वाढदिवस झाल्यावर बघू."

"बरं, तराजू राहू दे. अंदाजाने सांगा. माझ्या बहिणीचं वजन किती असेल?"

प्रधान माइककडे वळले. मग मी त्यांची शेपटी धरली. दातांनी. हसू नका. बरं, हसा. माइक चालू होता, त्यामुळे प्रधानांची किंकाळी जंगलभर गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

मला चार रानडुकरांनी उचलून चिखलात टाकलं. तिथून निघून घरी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

खड्ड्यापाशी ही गर्दी! जंगलाच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'राईसाठी प्रार्थना करा.' प्रार्थना कुणी केली नव्हती. सगळे औषध घेऊन आले होते.

भागूमावशी आधी आलेली. भागूमावशी म्हणजे म्हैस. तिने गोठ्यातली गोचिडांची पावडर आणली होती आणि राईवर डबा उपडा केला होता. मला राई शोधावी लागली. सगळं पांढरं. मधे दोन डोळे.

मग वानरगुरुजी. चप्पलवाले तेच. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. "संपूर्ण नैसर्गिक!" म्हणत त्यांनी लसूण वाटून चारला आणि वरून रॉकेल चोळलं.

"गुरुजी, रॉकेल नैसर्गिक?" मी ओरडलो.

"जमिनीतूनच येतं ना?" गुरुजी म्हणाले. "म्हणून म्हणतो, शाळेत यावं."

आणि गजूकाका. गजूकाका म्हणजे हत्ती. फार गोड स्वभाव. रडत रडतच आला होता. त्याने आपलं जंताचं औषध बादलीतून आणलं होतं.

"मला एका घोटात गुण आला होता, पोरा," तो म्हणाला. "हिलाही एकच घोट दिला. जास्त नाही हो."

"काका, तुमचा घोट केवढा?"

"घोटासारखा घोट."

"काका, तिचं वजन किती आहे?"

गजूकाकाने सोंड वर केली, खाली केली. "प्रेमाने देताना वजन कोण बघतं रे?"

मी मावशीला विचारलं, गुरुजींना विचारलं. मग आईकडे पाहिलं. आईने शेपूट पायांत घातली होती. "सगळे किती लांबून आले होते," ती म्हणाली. "कुणाला नको म्हणू?"

राई कापायला लागली.

"गुण आला!" भागूमावशी म्हणाली. "पिसवा घाबरल्या."

राईच्या तोंडातून फेस आला.

"जंत बाहेर पडतायत," गुरुजी म्हणाले.

राई धपकन् पडली. या वेळी ती हसली नाही.

मी भुंकत सशाच्या घरी धावलो. डॉक्टर टिटवी माझ्या डोक्यावरूनच उडत आली. तिने कोमट पाणी मागवलं, राईला पुन्हा पुन्हा धुतलं, पुसलं, आईच्या पोटाशी धरलं. "काय काय दिलं?" तिने विचारलं. तिघेही एकदम पुढे झाले. आपापलं औषध त्यांनी मानाने सांगितलं. "किती दिलं?" तिने विचारलं. तेव्हा तिघेही मागे झाले.

राईने डोकं माझ्या कानाखाली घातलं. एकदा शिंकल्यासारखं भुंकली. मला वाटलं, झोपली.

आता पिसवांबद्दल एक सांगतो. पिसू ऊब धरून राहते. अंग गार पडायला लागलं की ती थांबत नाही, उडी मारते. पावडरीला न भ्यालेल्या, रॉकेलला न भ्यालेल्या सगळ्या पिसवा राईच्या अंगावरून निघाल्या. एकेक करून. जवळ जो असेल त्याच्यावर.

वानरगुरुजींनी वाकून पाहिलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग दोन्ही हात वर केले.

"एकही पिसू नाही! उपचार यशस्वी!"

जंगलाने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. बातमी राजवाड्यापर्यंत गेली आणि कोल्हेप्रधान स्वतः धावत आले. 'महाराजांच्या वाढदिवशी जंगल पिसूमुक्त', फ्लेक्सवर लगेच ओळ चढली. तिघांचा सत्कार ठरला. कुठलं औषध लागू पडलं यावर भांडण झालं, तेव्हा प्रधानांनी तिघांना मिठी मारून समेट केला. मिठी चांगली घट्ट होती. पिसवांना सोयीची.

संध्याकाळी तुला सुरू झाली. सनई वाजली. महाराज पारड्यात बसले. प्रधानांनी वाकून महाराजांच्या कपाळी टिळा लावला आणि टिळ्याबरोबर जे जायचं ते गेलं.

आधी भागूमावशीने खाजवलं. मग गुरुजींनी, पण माकडाने खाजवलं म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. मग गजूकाका झाडाला अंग घासायला गेला आणि झाड पडलं. प्रधान माइकवर म्हणाले, "आपलं जंगल आता संपूर्ण," आणि पायाने कान खाजवायला लागले. मग महाराज! महाराजांनी आधी राजासारखं सहन केलं. मग एक पाय उचलला, कानापर्यंत नेला आणि पारड्यासकट गरगर फिरले. लाडू उडाले. एक सनईवाल्याला लागला, एक फ्लेक्समधून आरपार गेला. महाराज धपकन् खाली पडले, उठले आणि तळ्याच्या दिशेने पळाले. त्यांच्यामागे प्रधान पळाले आणि प्रधानांमागे सत्काराचे हार.

मी हसलो. मुलांनो, खरं सांगतो, फार हसलो. अगदी राईसारखा पडलाच पाय उचलून तो! सांगायला म्हणून मी मागे वळलो.

मागे आई उभी होती. तिच्या तोंडात राई होती. तशीच धरलेली, मानेला, हळू, लहान पिल्लाला धरतात तशी.

मैदानात कुणी नव्हतं, म्हणजे खाजवत उभे असलेले तिघे होते आणि डॉक्टर टिटवी होती. तराजू रिकामा डुलत होता. त्याला कुणाची वाट बघायची नव्हती आता.

मी आईच्या तोंडातून राईला घेतलं आणि महाराजांच्या पारड्यात ठेवलं. झेंडू हलले नाहीत. म्हणालोच होतो मी, हलणार नाहीत.

"ठिगळ्या, आता कशाला?" गजूकाका म्हणाला. सोंड पुसत होता.

माझ्या पायाशी एक लाडू लोळत आला होता. तिला एक आणतो म्हणालो होतो. तो मी दुसऱ्या पारड्यात ठेवला.

लाडू खाली गेला. राई वर राहिली.

तात्पर्य: मुलांनो, औषध किती द्यावं हे नेहमी आणणाऱ्याच्या मानावरून ठरवावं. आलेल्याला नाही म्हणू नये. पिल्लू फारच लहान निघालं, तर ती पिल्लाची चूक. आणि त्याच्या वजनाची काळजी करू नये, ते नंतरही करता येतं. मी केलं.