फोटोला आलेला हार

काशीराम परबांनी दुपारी सव्वादोनला कंप्युटरवर आपला फोटो पाहिला, तर त्याला हार घातलेला होता.

चंदनाचा हार. फोटोच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली लोंबणारा, घरोघरी भिंतीवर असतो तसलाच. फोटो होता आंबेशेत ग्रामस्थ मंडळाच्या वेबसाईटवर, आणि काशीराम त्या मंडळाचे अध्यक्ष. वेबसाईट त्यांच्या मुलानं, देवेशनं, पाच वर्षांपूर्वी हौसेनं बनवून दिली होती. त्यात सभासदांचे फोटो, खाली फोन नंबर. मुंबईत विखुरलेल्या गाववाल्यांपैकी कोणी वारलं, की देवेश घाटकोपरला बसल्या जागी त्याच्या फोटोवर हार चढवायचा. लोकांना ते फार आवडलं होतं. आता हौसेनं केलेल्या कामाचे भोग कधी सुटलेत का कोणाला?

"देवेश, हयसर ये."

हाक इतकी हळू आली की देवेश दचकला. काशीरामांनी गिरणीत तीस वर्षं सांच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, खडखडाटात काढलेली; हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"माका हार कोणी घातल्यान?"

वेळही नेमकी कशी साधावी बघा. संध्याकाळी पाचला काशीरामांना हॉस्पिटलात ॲडमिट व्हायचं होतं. उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन. याआधीच्या दोन तारखा त्यांनी बुडवल्या होत्या, एकदा शिमग्यासाठी आणि एकदा डॉक्टरचं तोंड पटलं नाही म्हणून. आता टाळलंत तर आतडं अडकेल, मग माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आठवडाभर मनधरणी करून म्हातारा आज कुठे तयार झाला होता. भरलेली पिशवी दाराशी ठेवलेली होती.

सुगंधाबाईंनी आपला फोन आणून नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "कसला हार नि कसलं काय. हे बघा, कोरे आहात तुम्ही."

काशीरामांनी फोनकडे पाहिलं, मग कंप्युटरकडे. फोनवर ते जिवंत होते आणि कंप्युटरवर नव्हते.

"म्हणजे तुमका जिवंत दिसतंय," ते म्हणाले, "आणि माका..." खाटेवर जाऊन ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "मी आज खयच जावचंय नाय."

देवेशनं पान पुन्हा उघडलं. नेट मंद होतं. आधी नुसताच हार आला, आत काळा चौकोन. मग त्या काळोखातून बापाचं तोंड हळूहळू वर आलं. शेजारी दुसरा हार, त्यात दुसरं तोंड. खाली खाली जावं तसे हारच हार, एकशे चाळीस माणसं, सगळी त्याच्याकडे बघतायत. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातली चिठ्ठी त्याला दिसली. ब्राउजर आज सकाळी आपोआप अपडेट झाला होता. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी पाच वर्षांपूर्वी आपण काय करून ठेवलंय ते त्याला आठवलं.

एकेकाला हार घालत कोण बसणार, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना हार घालून टाकले होते. सगळ्यांना. जे जिवंत होते त्यांचा हार फक्त झाकून ठेवला. माणूस गेला की झाकण काढायचं, एका टिचकीचं काम. झाकायची ती जुनी युक्ती नवा ब्राउजर जुमानत नव्हता. फोन अजून अपडेट झाला नव्हता, म्हणून तिथे सगळे कोरे.

हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

फोन वाजला. दहिसरहून धाकू, काशीरामांचा बालमित्र. "देवेशा, नातवाच्या कंप्युटरार माझ्या फोटोक हार इलो रे. मी जेवण अर्धा टाकून उठलंय." तो ठेवतोय तोच शकुआत्या. तिनं गावी गुरवाला फोन करून देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलंसुद्धा होतं. "तो विचारतोय नारळ कोणाच्या नावानं फोडू. काय सांगू?"

घाईघाईत देवेशनं सरसकट सगळेच हार उडवले. दोन मिनिटं शांततेत गेली. मग मुलुंडहून क्षमाकाकूंचा फोन आला. त्यांचे यजमान चंद्रप्रकाश गेल्या वर्षी वारले होते.

"देवेश, ह्यांचा हार निघाला रे," काकू कुजबुजल्या. "कोरे करकरीत बसलेत. मी दाराला कडी लावून घेतलीय."

"काकू, घाबरू नका, मी घालतो."

"लवकर घाल बाबा. जाताना माझ्यावर रागावलेले होते."

झाकण चालत नव्हतं, त्यामुळे हार परत आले ते चंद्रप्रकाशांचा आणि त्याबरोबर सगळ्यांचेच. चार वाजत आले होते. सुगंधाबाईंचा मात्र धीर सुटला नव्हता. त्या खाटेवर नवऱ्याजवळ बसल्या. "उठा बघू. हा फोन बघा, कुठाय हार?" त्यांनी पान उघडलं, आणि दोघं बघत असतानाच काळा चौकोन आला, हार आला, आत काशीराम वर आले. फोन मघाशीच चुपचाप अपडेट झाला होता.

बाईंनी फोन उशीखाली सारला. "देवेश, डॉक्टरला कळव. आज नको."

आई फिरली म्हणजे संपलंच सगळं. देवेश खाटेपाशी जमिनीवर बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पाच वर्सा हो हार माझ्या गळ्यात होतोच?" काशीरामांनी भिंतीलाच विचारलं.

"हो."

"गणपतीत नाचलंय, तो घालून?"

"हो, बाबा."

काशीराम कुशीवर वळले. "धाकूक पण?"

"मंडळात कोणालाच वगळलेलं नाही."

"माका एकट्याक नाय मां?" त्यांचा आवाज थोडा वर चढला. "आणि तुका?"

देवेश उठून कंप्युटरपाशी गेला. वेबसाईट बनवणाऱ्याचा फोटो सभासदांच्याही खाली, पानाच्या अगदी तळाशी होता, आणि तिथवर तो आज गेलाच नव्हता. काशीराम उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले. पान खाली सरकलं. रिकामा हार, काळोख, मग हसणारा देवेश.

काशीरामांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "शोभता तुका," ते म्हणाले. त्यांनी सदरा चढवला, पिशवी उचलली आणि सांच्यांवरून हाक मारावी तसे ओरडले, "चला, पाच वाजतले. रिक्षा पलीकडून मिळतली, रस्तो ओलांडूक व्हयो."

देवेश जागचा हलला नाही. तो आपल्या एकट्याच्या फोटोवरचा हार झाकू पाहत होता, आणि तो झाकला जात नव्हता.

"तुम्ही आणि आई व्हा पुढे," तो म्हणाला. "हा हार निघेपर्यंत मी काही रस्ता ओलांडत नाही."