चाळीस दाढ्यांचा पगार

वारझाझातमध्ये सिनेमावाल्यांचे पगार वाटण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी, इद्दर, स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

इतकी वर्षं उलट्या खोक्यावर उभा राहून मी रोजंदारीवाल्यांच्या हातात पैसे ठेवायचो. काय तो गोंधळ! "इद्दर, माझे कालचे?" "इद्दर, भाच्याचे माझ्याकडे दे!" शेवटी आमच्या मालकीणबाई लाल्ला झोहोर यांच्या मी गळी उतरवलं, की पगाराचं कामच कासाब्लांकाच्या एका कंपनीला देऊन टाकू. फाटकावर त्यांचं यंत्र चेहरा ओळखणार आणि संध्याकाळी पैसे ज्याच्या त्याच्या फोनवर.

"आणि यंत्र चुकलं तर?" बाईंनी विचारलं.

"लाल्ला, यंत्र भाच्याचे पैसे मामाला देत नाही!"

ईद तोंडावर आलेली. प्रत्येकाला मेंढा घ्यायचा होता. मी तर सासूबाईंना चांगल्या शिंगवाल्या मेंढ्याचा शब्द देऊन बसलो होतो, आणि आमच्या सासूबाई जेवायचं विसरतील, पण शब्द विसरणार नाहीत.

यंत्राचा पहिला दिवस उजाडला. सिनेमात वाळवंटातल्या चाळीस म्हाताऱ्यांची टोळी होती. त्यातला एक गडी मेंढा बघायला बाजारात सटकला. दिग्दर्शक थयथयाट करायला लागला, तशी बाईंनी मलाच झगा चढवून दाढी चिकटवायला पाठवलं. रंगभूषेचा तंबू फाटकाबाहेर. तिथून आम्ही दाढ्या लावून एकेक करत यंत्रासमोरून गेलो. दरवेळी टुण्ण! मी खूश!

संध्याकाळी दाढ्या उतरवल्या, पण कोणाचाच फोन वाजेना.

"इद्दर, पैसे कुठायत?"

"ईदला मेंढ्याचा फोटो कापू काय?"

मी घाईघाईने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "साहेब, आज तुमच्याकडे एकच माणूस आला. हद्दू. चाळीस वेळा आला."

"अहो, एक माणूस चाळीस वेळा कसा येईल?"

"आम्हीही तेच म्हणतोय. त्यांना जरा विश्रांती द्या!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बा हद्दू आमच्यातले सगळ्यात वयस्क, आणि खरी दाढी फक्त त्यांचीच. बाकीच्या दाढ्या त्यांचीच बघून बनवलेल्या! यंत्राने दाढी पाहिली आणि आम्हा सगळ्यांना बा हद्दू करून टाकलं.

"बा हद्दू कुठायत?" मी ओरडलो.

"बाजारात. फोन बघितला आणि पळतच गेले!"

आम्हीही पळालो. म्हातारबाने मेंढ्यांचा कळपच घेतला असेल, ही मला धास्ती! बा हद्दू फोनवरचे पैसे रोख करून देणाऱ्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. अंगातल्या जलाब्याची, म्हणजे लांब झग्याची, टोपी पाठीवर नोटांनी फुगलेली!

"पोरांनो," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, "दिवसभर एका दगडावर बसलो होतो रे. एवढं काय काम केलं मी?"

मी सगळं समजावलं. ते इतके हसले की नोटा सांडल्या! मग तिथेच एक खोकं उलटं घातलं, त्यावर चढले आणि नाव घेऊन प्रत्येकाला पैसे दिले. जो तो मेंढ्यांकडे धावला. शेवटी मी हात पुढे केला.

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "सरळ बघ. हलू नकोस. छे! टुण्ण वाजलं नाही. ओळख पटत नाही."

"बा, चेष्टा पुरे! मी इद्दर!"

"इद्दर पैसे देतो, घेत नाही. माझा चाळिसावा गडी दाढीवाला होता. दाढी लावून ये!"

काय करणार? मी उलटा पळालो. तंबूत रंगभूषाकार नव्हता, म्हणून हाताला लागला तो डिंक थापला. पैसे मिळाले, शिंगवाला मेंढाही मिळाला. दाढी मात्र काही केल्या निघेना! तसाच सासूबाईंच्या दारात गेलो.

त्यांनी मेंढ्याची शिंगं चाचपली, दोरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "जावयाने पाठवलाय ना? बघा म्हातारबा, स्वतः यायला लाज वाटली त्याला!"

आणि दार लावून घेतलं.