सिंकमधला दगड

प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला म्हणून सूनबाईने जंतूंचा कॅन घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवला आणि सासऱ्यांना बजावलं, याला हात लावायचा नाही. सासरे निवृत्त मास्तर. कारण कळल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. तिने समजावलं की बॅटरीच्या जुन्या कारखान्यामागच्या मातीत शिसं मुरलंय. हे जंतू मातीत बारीक खडे तयार करतात आणि शिसं त्यात कोंडून टाकतात. एवढ्यातून मास्तरांच्या ध्यानात राहिलं ते इतकंच, की जंतू घाण साफ करतात.

दोनच दिवसांत स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. सून कामावर गेली होती. मास्तरांनी अर्धा कॅन सिंकमध्ये रिकामा केला.

संध्याकाळी प्लंबरने पाइप सोडवून ओट्यावर आपटला. आतून वीतभर लांब, पांढराशुभ्र दगड निघाला. तीस वर्षांत असलं काही पाहिलं नाही, म्हणाला.

सूनबाईचा पारा चढला होता, तो दगड हातात घेताच उतरला. आठ महिने या जंतूंनी प्रयोगशाळेत चिमूटभर चुऱ्यापलीकडे मजल मारली नव्हती. तिने दगड नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि सकाळी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो ठोकून, वाजवून पाहिला आणि दुपारच्या आत अहवाल वर धाडला.

मग मास्तरांना सन्मानाने बोलावणं आलं. घरात त्यांचं कोणी फारसं ऐकत नसे. इथे मात्र साहेब वही घेऊन समोर बसले. धार कशी बारीक धरली, मध्ये किती थांबलो, हे मास्तरांनी रंगवून सांगितलं. तीन दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने कारखान्यामागच्या मातीवर कॅन ओतले. माती ढिम्म.

चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला जिन्यात गाठलं.

"तू रागावशील म्हणून बोललो नव्हतो. सिंक तुंबायच्या आदल्या दिवशी बाथरूमची निखळलेली फरशी मीच बसवली. उरलेलं व्हाइट सिमेंट सिंकमध्ये ओतलं."

"किती होतं?"

"अर्धी बादली."

ती तशीच साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी तो दगड टेबलाच्या खणात सरकवला.

"अहवाल वर गेलाय," ते म्हणाले. "आता जंतूंनीच काय ते मनावर घ्यायला हवं."